ओल्याला सुक्यापासून लांब ठेवा

उपनगरातल्या एका नगरपालिकेच्या घनकचरा विभागात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. सुरुवात हजेरी शेडवर झाली, मग घंटागाड्यांच्या फेऱ्या आखायचं काम आलं, आणि शेवटची वर्षं सुका कचरा निवडण्याच्या शेडमध्ये गेली. वाचकांनी पाठवलेले कचऱ्याचे प्रश्न म्हणून संपादकांनी माझ्याकडे दिले. पत्रं बरीच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

ताई, आम्ही ओला-सुका नेमाने वेगळा करतो. पण गाडीत सगळं एकत्रच पडताना मी गच्चीवरून पाहिलं आहे. मग घरात एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, आणि तुमचा राग रास्त आहे. तरी आधी एक खात्री करून घ्या. बऱ्याच गाड्यांच्या आत मधोमध पत्रा बसवलेला असतो. वरून बघताना तो दिसत नाही आणि दोन्ही डबे एकाच ठिकाणी रिकामे झाल्यासारखे वाटतात. एकदा खाली उतरून गाडीमागे उभं राहा आणि गाडीवरच्या माणसाला विचारा. तो खरं सांगेल, कारण मिसळलेल्या कचऱ्याचा पहिला त्रास त्यालाच होतो.

खरोखर मिसळत असतील तर लेखी तक्रार करा, आणि त्यात गाडीचा क्रमांक, वार, वेळ आणि गल्ली लिहा. ‘गाडीवाले कचरा मिसळतात’ एवढीच तक्रार टेबलावर आली की जाब नेमका कोणाला विचारायचा हेच कळत नाही. क्रमांक आणि वेळ असली तर फेऱ्यांचा तक्ता काढून माणसाशी बोलता येतं. माझा अनुभव असा, की मुळाशी गेलं तर दोष बहुतेक वेळा गाडीवरच्या माणसाचा नसतोच. सुक्याची दुसरी गाडी बंद पडलेली असते, किंवा एका गाडीला झेपणार नाही एवढा भाग नेमून दिलेला असतो. त्या माणसावर ओरडून ते सुटत नाही. फेरी आखणाऱ्याकडे जावं लागतं.

आता खटाटोपाचं. सुका कचरा रोज द्यायची गरजच नाही. त्याला वास येत नाही, तो सडत नाही. एका पोत्यात साठवा आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने सुक्याच्या गाडीत, रद्दीवाल्याकडे किंवा कचरावेचकांच्या हातात थेट द्या. असं केलंत तर रोजच्या गाडीत काय होतं त्याचा तुमच्या सुक्याशी संबंधच राहत नाही.

आणि वेगळा ठेवल्याने काय फरक पडतो ते मी शेडमध्ये रोज पाहिलं आहे. पट्ट्यावरून कोरडा पुठ्ठा आला की बायका तो पटकन उचलून गठ्ठ्यात टाकतात. त्याच पुठ्ठ्यावर आमटीचं पाणी आणि तेल लागलेलं असलं की तो उचलण्यात अर्थ राहत नाही. कागदाचा लगदा पाण्यात करतात, आणि तेल त्या लगद्यातून सुटत नाही. तो पुठ्ठा मग कचरा डेपोवर जातो. वस्तू चांगली होती, तिला फक्त ओल्याची सोबत झाली. काचेचे तुकडे, सुया, वापरलेले डायपर हे सगळं खरकट्यात लपून आलं की निवडणाऱ्यांचे हात कापतात. हातमोजे असले तरी कापतात. माझ्या हाताखाली काम केलेल्या बायकांच्या बोटांवरचे व्रण मला आठवतात, म्हणून या प्रश्नाचं उत्तर एवढं लांबलं.

खताची बादली सुरू केली, पण घाण वास येतो आणि अळ्या झाल्या. घरचे म्हणतात फेकून द्या. फेकू का?

फेकू नका. आधी वास कसला आहे ते नाकाने ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

कुजलेल्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास असेल तर आत हवा पोचत नाही. पाणी जास्त झालं आहे आणि बिनहवेचे जिवाणू कामाला लागले आहेत. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालं आहे आणि कर्ब (कार्बन) कमी पडला आहे. भाजीचे देठ, साली आणि उरलेलं अन्न यांत नत्र भरपूर असतं. वाळका पाला, लाकडाचा भुसा, कोकोपीट, फाडलेला कोरा पुठ्ठा यांत कर्ब जास्त असतो. चांगल्या ढिगात नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. घरात कोणी तोलून बघणार नाही, म्हणून सोपं माप सांगते. एक भांडं ओला कचरा टाकलात की त्यावर तेवढाच, शक्य असेल तर त्याहून जास्त, कोरडा पाला टाका. दोन्ही प्रकारच्या वासांवर हाच पहिला उपाय आहे. त्याबरोबर सगळं खालीवर करून हवा खेळवा.

ओलावा तपासायला मूठभर ऐवज घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून पाणी ठिबकलं तर पाला वाढवा. मूठ उघडताच भुगा होऊन पडला तर पाणी शिंपडा. गोळा राहिला आणि थेंबभर ओल जाणवली, म्हणजे ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास, तर सगळं ठीक आहे. बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोकं आहेत ना, तेही पाहा. बिनभोकाच्या बादलीत कितीही विरजण (म्हणजे कचरा कुजवणारे जिवाणू) घातलं तरी खत होणार नाही.

आता अळ्या. जाडसर, करड्या, अंगावर वळ्या असलेल्या अळ्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत. या अळ्या ओला कचरा झपाट्याने खाऊन संपवतात, आणि मोठी झालेली माशी चावत नाही, घरातल्या अन्नावरही घोंघावत नाही. पांढऱ्या, बारीक अळ्या घरमाशीच्या असतात. त्या दिसल्या याचा अर्थ वरचा थर उघडा राहिला आहे. दर वेळी ओल्यावर कोरड्याचं पांघरूण घाला, म्हणजे माशी अंडी घालायला येत नाही. मांस, हाडं, दूध आणि जास्त तेलकट पदार्थ घरच्या छोट्या बादलीत घालू नका, निदान हात बसेपर्यंत तरी.

हे शास्त्र आपल्या जवळचंच आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला शेतातला पालापाचोळा आणि शेण यांच्या थरांतून खत करायची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. तुमच्या बादलीत याहून वेगळं काही घडत नाही. फक्त ढीग लहान असल्यामुळे तो मोठ्या ढिगासारखा ५५-६० अंशांपर्यंत तापत नाही, म्हणून सालींचे बारीक तुकडे करून टाका. खत झालं की रंग गडद होतो, मूळ वस्तू ओळखू येत नाही आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

जाता जाता एक. ‘जैवविघटनशील’ छापलेल्या पिशव्या घरच्या बादलीत टाकू नका. त्यातल्या बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेतच कुजतात. तुमच्या बादलीत त्या जशाच्या तशा राहतील.

प्रत्येक प्लास्टिकवर बाणांचा त्रिकोण असतो. म्हणजे ते सगळं पुन्हा वापरात येतं ना?

नाही, आणि ही गैरसमजूत दूर व्हावी असं मला फार वाटतं. बाणांचं मूळ चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं. त्याच्यासारख्याच त्रिकोणात आकडा घालून प्लास्टिकवर छापायला १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरुवात केली. तो आकडा वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे एवढंच सांगतो. तिचं पुढे काय होईल याबद्दल त्यात काहीही लिहिलेलं नाही. लोकांचा गोंधळ होतो म्हणून २०१३ मध्ये बाण काढून साधा भरीव त्रिकोण वापरायचं ठरलं. जुने साचे मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे बाण दिसतातच.

शेडमधला हिशेब सांगते. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पेट. २ म्हणजे जाड डबे आणि शाम्पूच्या बाटल्यांचं एचडीपीई. या दोन्हींना जवळपास सगळीकडे मागणी असते. ५ म्हणजे पीपी, झाकणं आणि डब्यांचं. तेही स्वच्छ आणि पुरेसं जमलं तर जातं. ४ म्हणजे पातळ पिशव्या. त्या कोरड्या आणि एकत्र गोळा करून दिल्या तरच जातात. ३ म्हणजे पीव्हीसी. ते दुसऱ्या प्लास्टिकमध्ये थोडंसं मिसळलं तरी सगळा घाणा बिघडवतं. ६ म्हणजे थर्माकोल आणि तत्सम. जागा फार अडवतो, वजन काहीच नाही, म्हणून तो वाहून नेणं कोणाला परवडत नाही. ७ मध्ये उरलेलं सगळं.

आणि खाऊची चकचकीत पाकिटं? त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करायचा सोपा मार्ग नाही. ही पाकिटं कितीही धुऊन दिलीत तरी बहुतेक ठिकाणी ती पुन्हा पाकीट होत नाहीत. ती कमी घ्या, एवढंच मी सांगू शकते.

धुण्याबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. चांगलं पाणी वाया घालवू नका. भांडी विसळलेल्या पाण्यातून एकदा काढून निथळत ठेवलं तरी पुरतं. वस्तू लखलखीत नसली तरी चालेल, पण चिकट आणि ओली नको.

धातू आणि काचेची गोष्ट मात्र वेगळी. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरलं तर खनिजापासून नवं करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस जात नाही. निवडायला वेळ थोडाच असेल तर आधी हे दोन वाचवा.

मी आठवीत आहे. फळाची साल कुजूनच जाते, मग ती कचऱ्याच्या डेपोत गेली तर काय बिघडतं?

छान विचारलंस. साल मातीवर उघडी पडली तर हवेवर जगणारे जिवाणू तिला कुजवतात आणि त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. डेपोत मात्र तुझ्या सालीवर मीटर-मीटर उंच कचरा दाबलेला असतो. आत हवाच नसते. तिथे वेगळ्या प्रकारचे जिवाणू काम करतात आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तो पेट घेतो, म्हणून डेपोंना आगी लागतात आणि आतून दिवसेंदिवस धुमसत राहतात. शिवाय सालीतलं पाणी इतर कचऱ्यातून झिरपताना त्यातली रसायनं, जड धातू घेऊन खाली उतरतं. ते काळं पाणी विहिरीपर्यंत पोचू शकतं. म्हणजे साल तीच, पण ती कुठे कुजते यावर सगळं अवलंबून आहे. शाळेत खतखड्डा असेल तर विज्ञानाच्या तासाला आत थर्मामीटर खुपसून बघ. ढीग चांगला मोठा असेल तर आकडा बघून तुला आश्चर्य वाटेल.

आमच्या सोसायटीत वाद चालू आहे. जास्त कचरा करणाऱ्याकडून जास्त शुल्क घ्यावं असं काहींचं मत आहे. हे कुठे चालतं का? की बारीक वर्गीकरण करणं जास्त चांगलं? — एक सचिव

चालतं. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये घरगुती कचऱ्यासाठी ठरावीक विकतच्या पिशव्या सक्तीच्या केल्या. जितक्या पिशव्या, तितका खर्च. २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी घातली, आणि २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्यावर त्याच्या प्रमाणात शुल्क लावलं. अनेक इमारतींत कार्ड टेकवल्यावर उघडणारे आणि वजन करणारे डबे आहेत. पण अन्नाच्या कचऱ्याचा क्रम नीट बघा. आधी गोळा करण्याची आणि प्रक्रिया करण्याची सोय झाली, मग शुल्क आलं. आधी शुल्क लावून सोय नंतर केली तर लोक पिशवी नाल्याच्या कडेला ठेवून येतील, आणि ती उचलायचं काम सफाई कर्मचाऱ्यांवरच पडेल. तुमच्या सोसायटीत आज ओल्यासाठी खताची जागा नसेल तर शुल्काचा ठराव थोडा थांबवा.

वर्गीकरणाबद्दल जपानमधल्या कामिकात्सु या लहानशा डोंगराळ गावाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. तिथे घरोघरी कचऱ्याची गाडी येत नाही. लोक स्वतः केंद्रावर येऊन चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात, आणि ओलं घरीच मुरवतात. जवळजवळ ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. उरलेल्या वीस टक्क्यांचं काय? डायपर, काही चपला-बूट, चिकटवलेल्या मिश्र वस्तू. त्या निवडून निवडणार कशा? त्या तशाच बनवलेल्या आहेत. एवढं शिस्तीचं गाव जिथे अडलं, तिथे नागरिकांनी अजून बारीक निवडून उपयोग होणार नाही. वस्तू बनवणाऱ्यांनीच त्या वेगळ्या बनवायला हव्यात. हे मी सभांमधून सांगत आले आहे आणि इथेही ठामपणे सांगते. सगळा बोजा घरातल्या डब्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

तुमच्या सोसायटीला एवढ्या प्रकारांची गरज नाही. ओलं, सुकं, पॅड-डायपर आणि घातक असे चार डबे नीट चालवा. डबे कोण रिकामे करणार, सुट्टीच्या दिवशी कोण, पाऊस आला तर खताचा पाला कुठे ठेवणार हे आधी ठरवा. ठराव सोपा असतो, सुट्टीचा दिवस अवघड असतो.

कचरा वेगळा करणं जमलं. आता कमी कसा करायचा? सुरुवात कुठून करू?

एक आठवडा कचरा टाकण्याआधी डब्यात डोकावून बघा आणि कागदावर लिहीत जा. बहुतेक घरांत वजनाने सर्वांत जड काय निघतं? अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. हॉटेलं आणि दुकानं त्यामानाने मागे आहेत. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला नवल वाटलं नाही, कारण गाडीतून काय उतरतं ते माहीत होतं. न उघडलेली पाकिटं, अखंड फळं, पिवळी पडलेली पालेभाजी जुडीसकट.

साली आणि देठ टळणार नाहीत, त्यांचं खत करा. पण जे खाण्यासाठी आणलं आणि तसंच गेलं, ते खत करूनही भरून येत नाही. त्यामागचं पाणी, वाहतूक, पिकवणाऱ्याचे कष्ट सगळं गेलं. म्हणून यादी करून खरेदी, जुनं पुढे आणि नवं मागे अशी फ्रीजची मांडणी, आणि शिजवण्याआधी ‘आज किती जण जेवायला आहेत’ हा एक प्रश्न, एवढ्यावर पहिला महिना घालवा. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ आणि ‘या तारखेनंतर खाऊ नये’ या दोन सूचनांत फरक आहे. पहिली चवीबद्दल आहे, दुसरी सुरक्षिततेबद्दल. पहिली तारीख उलटली म्हणून बंद पाकीट डोळे मिटून फेकू नका, उघडून बघा.

पॅकिंगचा नंबर त्यानंतर. पिशवी घरून नेणं, मोठं पाकीट घेऊन डब्यात भरणं, दुरुस्त होईल ती वस्तू दुरुस्त करणं. यात नवीन काही नाही, तुम्हाला माहीत आहेच. म्हणून लांबवत नाही.

थोडक्यात उत्तरं

*मोबाइलची आणि खेळण्यांची बॅटरी:* सुक्यातही नको, ओल्यातही नको. लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली की पेटू शकते, आणि सोबत कागद-प्लास्टिक असल्याने आग पसरते. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत साठवा आणि ई-कचरा संकलनात द्या.

*फुटलेला सीएफएल दिवा:* त्यात थोडासा पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना आणि जनावरांना दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर ठेवा. व्हॅक्युम किंवा झाडू फिरवू नका, त्याने पारा पसरतो. जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, बंद बरणीत ठेवून घातक कचऱ्यात द्या.

*मुदत संपलेली औषधं:* संडासात किंवा मोरीत ओतू नका. सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प ती पूर्ण काढू शकत नाहीत. परत घेण्याची सोय असेल तिथे पाकिटासकट द्या.

*इन्शुलिनच्या सुया:* जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ती घातक कचऱ्याच्या डब्यात वेगळी द्या. सुट्या सुया पिशवीत कधीही नकोत.

*सॅनिटरी पॅड आणि डायपर:* कागदात गुंडाळून, वर ठळक खूण करून, वेगळे द्या. उघडे दिलेले कोणाला तरी हाताने उचलावे लागतात.

*फुटलेली काच:* वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळा, दोरी बांधा आणि वर ‘काच’ लिहा. गाडी आली की ती पिशवीत न टाकता थेट कर्मचाऱ्याच्या हातात द्या आणि आत काच आहे असं तोंडाने सांगा.